शेठांचं कपाट आणि पोरींचं टेबल

अहो, आमच्या पिंप्राळ्याच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल इंदिराबाई हुशार आहेत, यात वादच नाही. पण त्यांच्या हुशारीनं माझी कंबर मोडली, त्याचं काय? मी भटू, इथला शिपाई. गठ्ठे उचलायला मीच!

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे जेमतेम सात हजार पुस्तकं होती, आणि वाचणारे बहुतेक तेच ते पेन्शनवाले. एकदा बाई सावद्याला कुणाच्या तरी दिवसकार्याला, गंधमुक्तीला गेल्या. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना स्टीलचे डबे वाटत होते. बाईंना राहवलं नाही. तिथल्या तिथं म्हणाल्या, "डबे घरोघरी पडलेत. गेलेल्या माणसाच्या नावानं वाचनालयाला पुस्तकं द्या ना!"

झालं! लोकांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. पार भडगावहून गठ्ठे यायला लागले. आणि डबे कसे एकसारखे शंभर घेतात, तशी पुस्तकंही एकसारखी शंभर! तेच बोधकथांचं पुस्तक, पहिल्या पानावर गेलेल्या आबांचा फोटो. मी दोऱ्या सोडता सोडता ओरडायचो, "बाई, हाई बठ्ठं एकच शे!" सगळं तेच ते! बाई कपाळाला हात लावायच्या. पण दुःखातल्या माणसाला परत कसं पाठवणार?

शेवटी वैतागून बाई पुस्तकांच्या याद्याच द्यायला लागल्या. काहींनी ऐकलं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आली आणि त्यांच्यामागे पोरी आल्या. दोन खोल्यांत सात माणसं, वर दिवसभर टीव्ही, घरी अभ्यास करणार कुठं? खिडकीजवळच्या एकुलत्या एका टेबलाशी आठ जणी खेटून बसतात. त्यातली भूमिका सकाळी कुलूप उघडायच्या आधी पायरीवर हजर. तिची तलाठ्याची परीक्षा वीस दिवसांवर आली होती.

नेमके तेव्हाच कापडवाले दीपचंदशेठ आले. वर्षापूर्वी त्यांच्या पत्नी लाडकुंवरबाई वारल्या. त्यांच्या पुण्यस्मरणाला लोखंडी कपाट, वर नाव, फोटो आणि आत तेच ते पुस्तक, तीनशे! आमचे अध्यक्ष म्हणाले, कपाट खिडकीपाशीच लावा, येणाऱ्याला दिसलं पाहिजे. आणि टेबल? "काढा. पोरी करतील घरी अभ्यास." वा रे वा! बाई दोन दिवस त्यांच्याशी भांडल्या. भिंतीशी बोलल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात. शेठ जागा बघायला आत आले. पोरी वह्या गोळा करायला लागल्या. भूमिकाचे डोळे भरलेले. माझं तर डोकंच फिरलं होतं. तेवढ्यात बाई उठल्या.

"शेठ, मी लाडकुंवरबाईंना शब्द दिला होता. आज मोडते. त्या दर गुरुवारी दुपारी इथं यायच्या. अकरा वर्षं."

"काहीतरीच! गुरुवारी ती स्थानकात जायची, साधुमहाराजांच्या व्याख्यानाला."

"घरी तसं सांगून यायच्या. विचारा भटूला, चहा तोच आणून द्यायचा. म्हणायच्या, घरी हातात पुस्तक दिसलं की, काही काम नाही का, म्हणून विचारतात."

"कोण विचारायचं?"

शेठनी डोक्यावरची टोपी काढली. मग स्वतःच म्हणाले, "मीच विचारायचो."

मग त्यांनी विचारलं, "कुठं बसायची?"

बाईंनी टेबलाकडे हात केला. खिडकीकडची खुर्ची. तिच्यावर भूमिका होती. ती गडबडून उठायला लागली.

"बस बेटा, बस," शेठ म्हणाले. "उठू नको. तुझा अभ्यास कर."

टेम्पोवाल्याला सांगायला ते बाहेर गेले, पण त्यांना बोलताच येईना. पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. कपाट उतरवू नको म्हणून मग मीच सांगितलं.