अकरावी बाटली

या कॉलममधले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक अनुभव वाचून झाला की मनातल्या मनात तो खोडून काढते. हिची झोप झाली नसेल... त्याने ती गोष्ट आधी कुठेतरी ऐकली असेल... मी केमिस्ट्री शिकलेली मुलगी. ज्याचं माप घेता येत नाही त्यावर मी वेळ घालवत नाही. म्हणून हे लिहायला मला आठ महिने लागले. दुसरं कारण म्हणजे माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मराठीत इतकं सलग मी कधी लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. लॅबचं नाव आणि ज्या गल्लीत हे घडलं तिचं नाव सांगणार नाही. आमच्याकडे शहरातल्या पिण्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचं काम होतं. नेहमीचे जंतू-क्लोरीन नाही, तर ज्यांना हल्ली ‘फॉरेव्हर केमिकल्स’ म्हणतात ती रसायनं. पाणी न धरणाऱ्या कापडात, न चिकटणाऱ्या तव्यात असतात. एकदा पाण्यात उतरली की जात नाहीत. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि पाणी उकळलं तरी काही उपयोग नाही. ही तपासणी पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये होते. आम्ही फक्त नमुने घेऊन पाठवायचे.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढे तिचा संबंध आहे. मी फार बुजरी आहे. इतकी, की रिक्षात “इथे थांबवा” म्हणायला तोंड उघडत नाही. पुढच्या चौकात रिक्षा थांबली की उतरते आणि मागे चालत येते.

तो मंगळवार होता. यादीत नऊ ठिकाणं. प्रत्येक गल्लीतून एकाच घरचा नळ, कारण सगळी गल्ली एकाच पाइपलाइनवर असते, असं धरलेलं. स्टोअरमधून मी दहा बाटल्या घेतल्या. नऊ नमुन्यांच्या, आणि एक फक्त शुद्ध पाण्याची, वाटेत काही मिसळलं तर कळावं म्हणून. दहाचा आकडा रजिस्टरमध्ये लिहून सही केली.

गाडीवर रफिकभाई. पन्नाशीचे, बोलघेवडे. या नमुन्यांच्या दिवशी क्रीम, पावडर, परफ्यूम काही लावायचं नसतं, कारण त्यांतही हीच रसायनं असू शकतात. त्यावरून त्यांची दर वेळची एक टिंगल ठरलेली.

“क्या मॅडम, आज भी सादा चेहरा? लोगां समझेंगे मय्यत को निकले!”

मी हसले. उत्तर सुचलं होतं, दिलं नाही.

शेवटचं ठिकाण विणकरांच्या वस्तीतलं. त्या गल्लीत त्या दिवशी पाण्याची पाळी होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळे पाळीच्या दिवशी गल्लीचा नूरच वेगळा असतो. ड्रम, कळशा, नळाला दोन-दोन मोटारी लावून पाणी ओढणाऱ्यांवरून भांडणं. कोपऱ्यावरच्या घरचा नमुना मी घेतला. पाच मिनिटं नळ सोडून, मग बाटली भरून. गाडी वळवताना मला त्याच गल्लीतली अंगणवाडी दिसली. एका खोलीची, पत्र्याला लागून प्लॅस्टिकची टाकी, बाहेर एक नळ. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली भिंतीवर ओलीचा लांब पट्टा होता आणि त्यावर हिरवंगार शेवाळ.

मला ते खटकलं. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत टाकी रोज ओसंडून वाहते की काय? शेवाळ एका दिवसात धरत नाही. उतरून विचारावं असं वाटलं. दारात बाई उभ्या होत्या, तीन-चार पोरं नळाला तोंड लावून पाणी पीत होती. पण यादीत नाव नाही... मी काय सांगणार, मी कोण?

“रुकूँ क्या?” रफिकभाईंनी विचारलं. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

“नको. चला.”

हे दोन शब्द मला आजही आठवतात.

तिथून आम्ही लांब सात रस्ता चौकात आलो. चहा घेतला. मी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर तिथल्या गर्दीचा फोटो पाठवला. तो अजून फोनमध्ये आहे, वेळ अकरा चाळीस.

लॅबमध्ये आल्यावर बर्फाचा डबा उघडून बाटल्या ट्रेमध्ये मांडल्या. अकरा होत्या.

पुन्हा मोजल्या. अकरा. रफिकभाईंना बोलावलं, त्यांनी बोट लावून मोजल्या. “ग्यारा.” मग त्यांनाही हसू आलं नाही.

अकराव्या बाटलीवर माझं लेबल होतं. माझं अक्षर. इंग्रजी सातच्या अंगावर मी एक आडवी रेघ मारते, ती तारखेत होती. लेबलवर टेप लावताना मी तिचं टोक आत दुमडते, म्हणजे नंतर सोलायला नख लागत नाही. लॅबमध्ये दुसरं कुणीच असं करत नाही. ते टोकही दुमडलेलं होतं. ठिकाण – अंगणवाडी. गल्लीचं नाव बरोबर. वेळ – अकरा चाळीस.

स्टोअरमधला साठा मोजला. एकही बाटली कमी नव्हती. मी दहाच नेल्या होत्या.

आमच्या सुपरवायझर सुरेखा मॅडम. कडक, पण वाईट नाहीत. त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी बाटलीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

“उन्हात फिरलीस, विसरली असशील.”

“मॅडम, मी तिथे उतरलेच नाही. रफिकभाई होते बरोबर.”

“मग ओतून टाक. नोंद नाही तर नमुना नाही. उद्या दुपारी पार्सल पुण्याला जातंय, त्याआधी घोळ नकोय मला.”

बरोबरच होतं त्यांचं. मी बाटली घेऊन सिंकपाशी गेले, झाकण एक आटा सैल केलं... आणि नळाला तोंड लावलेली ती पोरं आठवली. ही यादी परत निघणार ती पुढच्या वर्षी. तेव्हाही तिच्यात कोपऱ्यावरचंच घर असणार. मी झाकण परत घट्ट केलं आणि मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“मॅडम, उद्या सकाळी मला तिथे जाऊ द्या. रीतसर नमुना घेते, नोंदीसकट. पार्सलच्या आधी येते.”

दोन वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “एकच. आणि या बाटलीचं लॅबमध्ये कुणाकडे बोलायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली कोरडी. नळाला पाणी नाही, ड्रमवर झाकणं. अंगणवाडीच्या टाकीच्या पाइपातून मात्र थेंब थेंब पाणी पडत होतं.

अंगणवाडीच्या सेविका नरसम्मा अक्का, तेलुगू विणकर घरातल्या. मला बघून त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“या मॅडम! काल एवढ्या घाईत गेलात, च्या पन नाही घेतला.”

मला वाटलं गाडी बघितली असेल. म्हटलं, “काल आम्ही थांबलो नव्हतो.”

“थांबला नव्हता कसं? हितंच की!” त्यांनी नळाकडे बोट केलं. “नळ सोडून उभ्या होता पाच मिन्टं. मी म्हटलं, पानी वाया जातंय हो. तर तुमीच म्हटलात, अक्का, बादली लावा, फरशी पुसायला होईल. मग मी लावली की बादली.”

माझ्या मागे रफिकभाई उभे होते. ते हळूच म्हणाले, “अम्मा, ये तो मेरे साथ थे. सात रस्ते पे. चाय पी रहे थे.”

“मग मी काय आंधळी हाय व्हय?” अक्का फणकारल्या. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “पन काल लई बोलत होता तुमी. पोरांची नावं विचारली, खिचडी कशात शिजवता विचारलं. आज का गप?”

पाठीतून काहीतरी गार गेलं. भर सकाळी, ऊन अंगावर असताना.

“आनि ते टाकीचं,” अक्का म्हणाल्या, “टाकी कोन भरतं म्हणून विचारलात. इतक्या म्हैन्यांत ते कुनीच विचारलं नव्हतं बघा. मी म्हटलं बघून सांगते, तर तुमी तवर गेलात.”

मग मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “कोण भरतं, अक्का?”

अक्कांनी तोवर विचारून ठेवलं होतं. टाकी मागच्या बंद कारखान्याच्या बोअरने भरत होती. तिथे पूर्वी ताडपत्रीच्या कापडावर पाणी न धरणारा लेप चढवायचे. कारखाना कधीच बंद झाला, बोअर चालू राहिली. त्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली, पोरांचे हाल नकोत म्हणून मालकाने चांगल्या मनाने पाइप जोडून दिला. नळातून येतं म्हणून गल्लीत सगळे त्याला नळाचंच पाणी म्हणत होते. कागदावरही तेच. कुणी खोटं बोललं नव्हतं.

रीतसर नमुना घेतला, नोंद केली. निघताना अक्कांना म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, खिचडीलाही नको. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. लगेच टाकीच्या नळाला फडकं बांधलं आणि पोरांना ओरडल्या, “उद्यापासनं बाटली घरनं आनायची, काय?”

पार्सल बांधताना मॅडमनी अकरावी बाटलीही त्यात ठेवली. “रिपोर्टमध्ये धरायची नाही,” एवढंच म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी आकडे आले. शहराच्या नऊ नळांत काळजीचं काही नव्हतं. अंगणवाडीचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. आणि अकराव्या बाटलीचा आकडा त्याला जवळजवळ तंतोतंत जुळणारा. म्हणजे ते पाणी त्याच नळाचं होतं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पुढचं सगळं मात्र चांगलं झालं, आणि तेच मला इथे सांगायचं आहे. बोअरचा पाइप तोडला, तोंड सील केलं. कारखान्याचे मालक स्वतः डोक्याला हात लावून बसले होते, त्यांनी अडवलं नाही. अंगणवाडीला मेन लाइनवरून वेगळं कनेक्शन मिळालं आणि टाकी नवी आली. पोरांना तपासणारे डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांचाच प्रश्न होता, वेळेत थांबलं. वर्षानुवर्षं चाललं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. रफिकभाई म्हणतात, मॅडम, छोड़ो, अच्छा काम हुआ ना! माझी बहीण म्हणते, अक्कांनी दुसऱ्या कुणाला बघितलं असेल. असेल. पण बाटली? ते दुमडलेलं टोक? आठ महिने मी हे मनात खोडून बघते आहे, जसे तुमचे अनुभव खोडायचे. खोडलं जात नाही.

हल्ली मी यादीत नसलेल्या नळापाशीसुद्धा गाडी थांबवायला सांगते. उतरते आणि विचारते, टाकी कोण भरतं? पहिल्यांदा दारापर्यंत जाऊन परत फिरले होते. आता फिरत नाही.

गेल्या महिन्यात नव्या टाकीचा नमुना घ्यायला गेले होते. पाणी स्वच्छ निघालं. अक्कांनी चहा दिला, मी अर्धा तास बसले, पोरांची नावं विचारली. अक्का माझ्याकडे बघून हसल्या.

“आता कशा,” त्या म्हणाल्या, “त्या पहिल्या दिवशीसारख्या वाटताय.”