खडूचं रिंगण

आज वर्गात पोरांना उच्चारांचा खेळ शिकवावा म्हणून खडूनं रिंगण आखायला घेतलं. भुकटी नाकात गेली आणि हात तिथंच थांबला.

नांदूरघाटला मी दुसरीत असताना बाई हाच खेळ घ्यायच्या. उच्चार चुकला की रिंगणात उभं राहायचं. दुसऱ्याची चूक पकडली तरच सुटका. सगळी खिदळायची. एके दिवशी मी मात्र तासभर आत अडकले होते, पाय भरून आले होते.

तेवढ्यात आई दारात आली. "बाई, पोरीला न्यायला आलेय. आमी आजच निगालोय ऊस तोडायला."

"आई चुकली," मी म्हणाले.

पोरांनी हसत आईला हाताला धरून आत आणलं. मी बाहेर पडले. आईही हसली, रिंगणात नीट उभी राहिली आणि मलाच विचारलं, "आता म्या काय म्हनू, सांग की."