मसुराचा रंग

अंबडच्या कंपनीतून सुटलो की वाटेवर डाळी विकणारी एक बाई दिसते. तिचं नाव मला ठाऊक नाही, पण तिच्याशी मी भांडलो आहे.

बायको तापातून उठली आणि चार दिवसांनी तिने मसुराचं वरण मागितलं. मी या बाईकडून केशरी डाळ आणून शिजवली, तर ती चक्क पिवळी झाली. भेसळ समजून अख्खं पातेलं मोरीत ओतलं आणि उरलेली पुडी घेऊन तावातावाने तिच्याकडे आलो.

"रंग लावून विकता का? तापातून उठलेल्या बायकोसाठी नेली होती!"

बाईने मूठभर तपकिरी अख्खे मसूर दगडाने रगडले, तळहातावर घेतले आणि फुंकर मारली. सालं उडाली. आत केशरी डाळ.

"रंग आतलाच हाय, भाऊ. शिजली की पिवळीच पडती. पहिल्यांदाच केली जणू?"

पन्नाशीपर्यंत आयतं जेवलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"वहिनी जेवल्या का?"

"नाही."

"मंग हितं काय भांडत बसले? पुडी हाय ना हातात?"

घरी येऊन पुन्हा कुकर लावला. बायको दोन वाट्या वरण प्यायली.

आता मी समोरून गेलो की ती बाई नुसती रिकाम्या तळहातावर फुंकर मारते. वैताग येतो तो याचाच.