मधुवंतीताईंचा न आलेला कावळा

देऊळगाव राजात खून करायला हिंमत लागते, कारण इथे शेजारी दुपारची झोपसुद्धा एक डोळा उघडा ठेवून घेतात. आमच्या मधुवंतीताईंनी मात्र केला, तोही गावातल्या सगळ्यात पैसेवाल्या घरात, आणि त्याचा तपासही स्वतःच लावला.

अर्थात कागदावर. ताई शाळेत लिपिक होत्या. नोकरीभर त्यांनी गुरुजनांचे रजेचे अर्ज वाचले. एका गुरुजींच्या सासूबाई दर पोळ्याला अत्यवस्थ होत आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत. खोटं बोलणारा माणूस नको तेवढा तपशील देतो, हे शास्त्र ताई त्या टेबलावर शिकल्या. निवृत्तीनंतर बायका गुडघेदुखीच्या मागे लागतात, ताई खुन्याच्या मागे लागल्या.

त्यांच्या कादंबरीत उकंडराव नावाचे कापसाच्या जिनिंगचे मालक तीन मजली बंगल्यात मेलेले सापडतात. शोध लावते शेजारची एक निवृत्त कारकूनबाई. ही बाई कोण, असं विचारलं की ताई लाजत. दहाव्याला पिंड ठेवतात, कावळा काही शिवत नाही. नातलग हात जोडून म्हाताऱ्याच्या एकेक राहिलेल्या इच्छा पुरवायचं कबूल करतात. ऊन चढतं. घाबरलेला पुतण्या बोलून जातो, "काका, तुमच्या तोंडात सोन्याची कवळी घालायची राहिली, ती दान करतो." ही इच्छा घरात कोणाच्याच कानावर नसते, अगदी बायकोच्याही. आणि पुतण्या तर पोलिसांना सांगून बसलेला, की काकांशी आपलं कधी बोलणंच नव्हतं. शेजारीण हळूच विचारते, मग हे त्यांनी तुला केव्हा सांगितलं?

आमच्या जिल्ह्यात एवढं डोकं आहे, याचा मला तरी पत्ता नव्हता.

प्रकाशन वाचनालयाच्या सभागृहात ठरलं. पत्रिका वाटून झाल्या, पुस्तक अजून छापखान्यात जायचं होतं. पण ताईंनी काही प्रकरणं भजनी मंडळात वाचून दाखवली होती, आणि मंडळात जनकाबाई होत्या. त्यांचे यजमान भगवंतराव म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जिनिंग आणि वाचनालयाचं अध्यक्षपद. जनकाबाईंनी घरी जाऊन नवऱ्याला त्याच्या खुनाची बातमी दिली आणि चहा टाकू का, असंही विचारलं.

दुसऱ्याच दिवशी मयत स्वतः ताईंच्या दारात हजर.

"खून केला त्याचं काही नाही, ताई," भगवंतराव दिवाणावर बसत म्हणाले. "मोठ्या माणसाचाच करतात. पन माझ्या पिंडाले कावळा काऊन शिवत नाही?"

"भाऊ, तो उकंडराव आहे."

"प्रत्येक पंगतीत मठ्ठा चाखून मीठ कमी म्हनते तुमचा उकंडराव. गावात दुसरा कोन म्हनते?"

भगवंतरावांचं म्हणणं साधं होतं. मेल्यावरही ज्याचा जीव कवळीत अडकतो, तो हावरट ठरतो. कावळा आणा, नाहीतर सभागृहाला कुलूप. ताईंचे यजमान अनंतराव आतून म्हणाले की दोन ओळींचं काम आहे, आण एक कावळा. ताईंनी पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. चिखलीच्या बहिणीने तर नवी साडीही घेतली होती.

"कावळा आला तर सगळे जेवायला घरी जातील, भाऊ," त्या म्हणाल्या. "खुनी पण जाईल."

भगवंतराव आयुष्यभर धंदा केलेला माणूस, अडचण कळली. मग ताईच म्हणाल्या, "कवळी काढते. तुमचं मन खरंच कशात अडकेल, ते सांगा."

चहावर साय धरली. मग ते खालच्या आवाजात बोलले. शाळेच्या नाटकात त्यांना राजाचं काम मिळालं होतं. अंगरखाही शिवून झाला होता. ऐन वेळी वडिलांनी जिनिंगवर बसवलं. "एक डाव स्टेजवर उभं राहाचं होतं. जनकाबाईले बी नाही सांगितलं कधी."

कोणाही सज्जन माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. ताई लेखिका, त्यांना आनंद झाला. बायकोलाही ठाऊक नसलेली इच्छा! त्यांनी तिथल्या तिथे कवळीवर काट मारली आणि भगवंतरावांना एक विनंती केली. ते नाही नाही म्हणत हो म्हणाले.

प्रकाशनाला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बालाजीच्या देवळानंतर बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायला आमच्याकडे आता ताई आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. खुनाचं प्रकरण वाचायला व्यासपीठावर उभे राहिले खुद्द भगवंतराव, रेशमी अंगरखा घालून. वाचता वाचता ते इतके रंगून मेले, की मेल्यावरही त्यांना आवरावं लागलं. मग त्यांनी दहाव्याचं प्रकरण घेतलं. कावळा आला नाही. ऊन चढलं. पुतण्या हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हाला नाटकात राजा व्हायचं होतं, तुमच्या नावाने नाटक बसवू."



पहिल्या रांगेतून जनकाबाई उठल्या. "हे तुम्ही मले तं कधी सांगितलं नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

भगवंतरावांची पुढची ओळ चुकली. ताईंनी मात्र खुर्चीत ताठ बसून साऱ्या गावाकडे पाहिलं. बायकोलाही ठाऊक नसलेली इच्छा असते, हा त्यांचा पुरावा सिद्ध झाला होता.