पानाचं विरजण

माझी बायको चैत्रात गेली. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिनं परसातला खड्डा वाळल्या पानांनी भरून ठेवला होता. दिवाळीपर्यंत त्याचं खत झालं असंल, हे मले ठाऊक होतं. पण मी त्याच्यावरचं पोतं उचललं नाही.

आमचं घर रुआबांध्याले. समोर सडकेवर करंज अन् सिरसाची झाडं. प्लांटातून रिटायर झाल्यावर मी बसून राहाचो, हात तिचे चालत. थंडी पडली की सडक झाडणारी बाई पानाचे ढीग करे अन् माचिस लावून हात शेके. आमची ही घरातून ओरडत धावे, "थांब वो माय, जाळू नोको!" मग दोघी जुन्या लुगड्यात पानं बांधून आणत. पानाचा थर, वरून शेणाचं पाणी, अन् मी खड्ड्यात उतरून पायानं दाबाचो. तेवढंच माझं काम.

"तुमचं वजन एकदाचं कामात आलं," ती म्हणे.

खड्डा ती कधी पुरता रिकामा करू देत नसे. जुन्या खताचं एक घमेलं तळाशी ठेवायचं, नवी पानं त्याच्यावर.

"कावून?" मी इचारलं.

"विरजण आहे ते. त्याच्याबिगर लवकर नाही कुजत."

"म्हणजे पानाचं दही लावून राहिली तू?"

"हो. पयली वाटी तुमालेच चाटाले देईन."

यंदा वाफे कोरडे पडले. कुम्हारीहून पोरगी आली. "बाबा, आईनं खत करून ठेवलं आहे, वांगी तरी लावा." मी तिच्यावर खेकसलो. आईच्या साड्या नेल्या तिनं, भांडी नेली, तरी मी काही बोललो नाही. पण खत मातीत घातलं का संपलं. मग बायकोच्या हातचं माझ्याजोळ काय राहते? हे पोरीले सांगता आलं नाही.

मागच्या पंधरवड्यात सडक झाडणारी बाई फाटकात उभी. डोक्यावर पानाचं गाठोडं, तेच लुगडं.

"बबा, गड्ढा खाली हे?" खड्डा रिकामा आहे का, असं तिच्या इकडच्या बोलीत इचारलं तिनं.

"नाही. जाळून टाक ते."

ती हलली नाही. "दाई एको पत्ता जरन नइ दिस," म्हणाली. दाई म्हणजे आमची ही. एक पान जळू दिलं नाही तिनं, अन् आता मी जाळू का, असं बाईचं तोंड. गाठोडं खाली टाकून ती सरळ परसात गेली.

मग पोतं मीच उचललं. दुसऱ्याचा हात नोको वाटला. खाली काळं, भुसभुशीत, पाणी पडल्या मातीचा वास. एकही पान ओळखू येईना. घमेल्यानं काढत गेलो, वाफ्यात पसरत गेलो. तळाशी आलो अन् थांबलो. एक घमेलं ठेवाचं होतं, मी दोन ठेवली.

बाईनं त्याच्यावर नवी पानं ओतली. मी आत उतरून दाबाले लागलो. ती काठावरून पाहत राहिली.

"बबा, पत्ता त दबत नइ हे. बने खाय कर." नीट जेवत जा, म्हणे.

पानं दबतच नव्हती. उतरल्या वजनाचा माणूस मी. तिच्याकडं न पाहता आणखी दाबलं.

दुपारी पोरीले फोन केला. म्हटलं, येशील तवा वांग्याची रोपं घेऊन ये. अन् जेवाले थांब.