वांग्यांखालचे निबंध

कुठे वांगं भाजल्याचा वास आला की मला तत्त्वज्ञानाची परीक्षा आठवते. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास मी अमळनेरला बी.ए. करत होतो. माझे निबंध ऐकायला गावाबाहेरच्या मळ्यात भाऊ म्हणून एक गृहस्थ होते, एम.ए. होऊन शेती करणारे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी ते कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत आणि मी शेजारी उकिडवा बसून निबंध वाचत असे. ते डोळे मिटून ऐकत. शेवटी एकच प्रश्न असे, "हाई तुनं शे का पुस्तकनं?" मी पुस्तकाचं नाव सांगायचो. मग ते कागद शांतपणे जाळात सारत आणि म्हणत, "आते घर जाईसन परत लिख." असे माझे कितीतरी निबंध आम्ही भरताबरोबर खाल्ले.

परीक्षेच्या तोंडावर मी कर्तव्यावर लिहून नेलं. आजारी बापाला साक्रीला सोडून मी शिकायला आलो, ते बरोबर की चूक, एवढंच त्यात होतं. वाचून झालं तरी भाऊंनी प्रश्न विचारला नाही. कागद मात्र मागून घेतले. जाळ विझत आला, तरी एका हातात ते कागद धरून दुसऱ्या हातानं ते काड्या चाचपत राहिले.

त्या संध्याकाळचं भरीत कच्चंच राहिलं. आम्ही दोघांनी ते तसंच संपवलं.