आधी एस्केप

आज मी जिवंत आहे तो बबनतात्यांमुळे. हे आधी सांगतो, काय घडलं ते मग.

पणदऱ्याच्या दूध शीतकरण केंद्रात तात्या यंत्रं सांभाळायचे. कीबोर्डवर काहीही टाइप करण्याआधी एस्केपचं बटण दोनदा दाबत, दारावर टकटक करावी तसं. मी सातपुड्यातल्या धडगावकडचा, आठवीत शाळा सोडलेला. चुकलो तर हाकलतील, ही धास्ती कायम पोटात. तात्या मला ‘सातपुड्या’ म्हणत.

जुन्या कॉम्प्युटरवर काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउस नाही. सगळा कारभार चालवणारी एक फाईल, काळ्या पडद्यावरच्या एडिटरमध्ये उघडायची. टाकी किती थंड ठेवायची, दाब किती, आणि थंडाव्याच्या पाइपांतला विषारी अमोनिया गळला तर भोंगा कधी वाजवायचा, सगळं तिच्यात.

“आयचं बटण दाबल्याबगार हितं लिहिता येत न्हाय. तोवर परतेक अक्षर म्हंजी हुकूम,” तात्या सांगत. “म्हशीचे पाय बांधल्याबगार धारंला बसतोस व्हय? तसं आधी एस्केप, म्हंजी अर्धवट ऱ्हायलेला हुकूम रद्द हुतो.”

एकदा त्यांनी मला टाकीचा आकडा बदलायला बसवलं. मोबाइलवर पुसायला बोट दाबून धरतो, तसं मी डीचं बटण दाबून धरलं. इथं तो ओळ पुसायचा हुकूम. ओळीच्या ओळी गेल्या. भोंग्याचीही. कुणी पाहू नये म्हणून जतन करून बाहेर पडायला निघालो. कोलन, डब्ल्यू म्हणजे लिही, क्यू म्हणजे बाहेर. एंटर तेवढं राहिलं होतं. तात्यांनी मनगट धरलं.

“लिहू नगं. लिहिलं न्हाय तवर फाईल जशीच्या तशी हाय.”

“हाकलतील मला, तात्या.”

“भोंगा मेला तर हाकलायला कोण उरंल? दाब एस्केप. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, म्हंजी न लिहिता भाईर. आता एंटर.”

फाईल पुन्हा उघडली. सगळ्या ओळी जागच्या जागी. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भोंग्याच्या ओळीवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, “पाइप जुनं झाल्यात. वास येतोय मला.”

मला येत नव्हता.

आठवड्यानं, भर दुपारी भोंगा वाजला. आम्ही सगळे बाहेर पळालो. तात्या व्हॉल्व्ह बंद करायला आत राहिले. बाहेर आले ते भिंत धरूनच.

आता ते इंदापूरला लेकीकडे असतात, नाकाला नळी. परवा गेलो तर दोन शब्दांमागे थांबत म्हणाले, “एस्केप... दाबतोस न्हवं?”

“दाबतो, तात्या.”

पाइप अजून तेच आहेत. हल्ली मलाही वास येतो. रोज फाईल उघडतो, भोंग्याची ओळ पाहतो, न लिहिता बाहेर पडतो.

तात्या, आमच्या डोंगरात हवा मोकळी आहे. एक दिवस तुम्हाला तिथं नेईन, पाठीवर घ्यावं लागलं तरी. तेवढा श्वास राखून ठेवा.